ताडोबाच्या लेकी सिमिलीपालास

परवां आमच्या नातीनें वर्तमानपत्रांतील एक चित्र पुढें करून विचारिलें, "आजोबा, हा वाघ काळा कसा हो?" चित्र ओडिशांतील सिमिलीपालच्या अरण्यांतलें होतें. वाघाचे पट्टे इतके रुंद व एकमेकांत मिसळलेले, कीं पिवळा वर्ण शोधावा लागे. आम्हांसही प्रथम कौतुकच वाटलें; पण चौकशी करितां त्या नवलामागें एक दुःखाची कथा आहे असें कळून आलें. ती वाचकांस निवेदन करितों.

प्राण्याची घडण ज्या सूक्ष्म बीजघटकांनीं ठरते, त्यांस जनुकें म्हणतात. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात; एक मातेची, एक पित्याची. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या उमा रामकृष्णन् व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालीं दाखवून दिलें, कीं हा काळेपणा एका जनुकांतील अक्षराएवढ्या फरकानें येतो, आणि तो फरक दोन्हीं कुळांकडून आला तरच प्रकट होतो. ओडिशा सरकारच्या २०२३-२४ च्या गणनेंत सिमिलीपालच्या २७ वाघांपैकीं १३ काळे भरले. कारण उघड आहे. हें रान इतर व्याघ्रवनांपासून तुटलें; थोड्या पूर्वजांची प्रजा आपसांतच वाढली. आपण विवाह जुळवितांना सगोत्र-सपिंड वर्ज्य मानितों; त्या बिचाऱ्यांस दुसरें स्थळच उरलें नाहीं! काळा रंग हा स्वतः रोग नव्हे. परंतु ज्या वाटेनें तो बाहेर आला, त्याच वाटेनें दडलेले घातक दोषही येऊं शकतात.

अमेरिकेंतील फ्लॉरिडांत तसे ते आलेच. तेथील प्यूमा नांवाचे मोठे मार्जार १९९० नंतर वीस-तीसच उरले. कित्येकांच्या हृदयांत छिद्र, शेंपटीस वांक, नरांचें बीज सदोष. १९९५ सालीं टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. वंशाची शुद्धता जाईल, असा आक्षेप होताच. पण वंशच बुडाला तर शुद्धता कोणाची राखावयाची? पांच माद्यांस पिलें झालीं, संकर प्रजा सुदृढ निघाली आणि सुमारे बारा वर्षांत संख्या तिपटीवर गेली.

तोच उपाय आपल्याकडे योजिला आहे. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत चंद्रपूरकडील ताडोबाच्या अरण्यांतून जमुना व झीनत या दोन तरुण वाघिणी सिमिलीपालास धाडिल्या. झीनतला सासर मानवेना! डिसेंबरांत ती निघाली, ती झारखंड ओलांडून थेट बंगालांत बांकुड्यापर्यंत गेली. महिनाअखेर तिला धरून परत आणावें लागलें. लोकांनीं तिला पळपुटी म्हटलें. आम्हांस मात्र वाटतें, कीं वाघाची जात मुळांत अशीच दूरदूर चालून नवें घर शोधीत असे. तिच्या वाटेवर गांवें, शेतें, खाणी व सडका आम्हीच मांडल्या. पिंजऱ्यांतून पाठविलेली वाघीण हें औषध होय. रानास रान जोडणारी वाट हें नित्याचें अन्न. औषधावर कोणी जन्मभर जगत नाहीं.

नातीस आम्हीं एवढेंच सांगितलें, "या वाघिणींचीं पिलें बाप काळा असला तरी पिवळींच होतील." ती हिरमुसली. "अग, तींच शुभवार्ता समजावयाची," आम्हीं म्हणालों.