नवी पाटी कोणाच्या हाती?

हार्बर मार्गाच्या रुळांनी वडाळ्याचे दोन भाग केले आहेत, हे त्या बाजूस राहणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. पश्चिमेस विठ्ठलमंदिर, राममंदिर आणि जुन्या इमारती; पूर्वेस अँटॉप हिल, संगमनगर व गोदीकामगारांच्या वसाहती. अलीकडील घरांत संगणक आता शिवणयंत्राइतका नित्याचा झाला असून, नवा आला म्हणजे जुना कपाटावर चढतो. पलीकडच्या पुष्कळ घरांत मात्र एकच मोबाईल असतो, आणि तोही सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जातो. या दोन घरांतील मुले पुढे एकाच परीक्षेस व एकाच नोकरीच्या अर्जास बसणार आहेत.

या भागास या विषयाचा एक जुना संबंधही आहे. मुंबईच्या म्युनिसिपालिटीने १९२५ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, ते प्रथम एफ व जी या दोन विभागांतच. आणि वडाळा आज मोडतो तो एफ-उत्तर विभाग त्या एफ विभागातूनच निघालेला आहे. तत्पूर्वी नामदार गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते, तेव्हा पैसा कोठून आणावयाचा, हा आक्षेप मोठ्या गांभीर्याने घेण्यात आला. विधेयक फेटाळले गेले. आक्षेप मात्र दीर्घायुषी ठरला. पाटीच्या जागी संगणक आला, तरी तो अजून तसाच ऐकू येतो.

मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, व लहानांस त्याहूनही अधिक थांबावे लागले. त्या दीड वर्षात ज्याच्या घरी यंत्र त्याचीच शाळा, असा विलक्षण न्याय चालू होता. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शहरी कुटुंबांपैकी अवघ्या २३.४ टक्के कुटुंबांत संगणक आढळला होता, तर ग्रामीण भागात ४.४ टक्क्यांत. म्हणजे हा न्याय कोणास मानवेल, हे आधीच दिसत होते.

महापालिकेने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ साली तिने आपल्या शाळांतील आठवीच्या मुलामुलींस, सुमारे २२ हजार जणांस, टॅब वाटले. दप्तराचे ओझे कमी व्हावे व पाठ्यपुस्तके त्यातच वाचता यावीत, हा हेतू उत्तम होता. परंतु २०१८ साली आठवीची पुस्तकेच बदलली, आणि जुना मजकूर भरलेले यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी ठरण्याची वेळ आली. यंत्राची खरेदी हा एक दिवसाचा समारंभ असतो. त्याची देखभाल हा रोजचा संसार. समारंभास पुढारी येतात. संसारास कोण येणार?

याचे मूळ, आमच्या मते, कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेस काय हवे ते नमूद आहे: वर्गखोल्या, ग्रंथालय, पिण्याचे पाणी, खेळाचे साहित्य, मुलामुलींस निरनिराळी स्वच्छतागृहे, कुंपण. संगणकाचे नाव त्यात नाही. पाण्याचा नळ बिघडला तर पालकास कायद्याकडे बोट दाखविता येते. संगणक बिघडला तर हात जोडावे लागतात. जी वस्तू कृपेने आली, तिच्या दुरुस्तीचा हक्क कोणी मागत नाही.

शिवाय शाळेत संगणक आहे याचा अर्थ तो मुलाच्या हाती आहे, असा नव्हे. समजा, चाळीस मुलांच्या वर्गास दहा चालू यंत्रे मिळाली व पस्तीस मिनिटांचा एक तास आठवड्यातून एकदा लाभला. एका यंत्राभोवती चौघे बसले, तर प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम नऊ मिनिटे येतात. तीही समान वाटली जातात असे कोणी समजू नये. कळफलकाजवळ धीट मूल बसते. बुजरे, आणि पुष्कळदा मुलगीच, मागून पाहत राहते. घरी यंत्र असलेला मुलगा तितका सराव संध्याकाळी चहा निवण्याच्या आत करतो.

भाषेचा प्रश्न तर कोणी काढतच नाही. महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून शिकवितात. परंतु कळफलकावर बहुधा रोमन अक्षरेच छापलेली असतात. मराठी शाळेतील मूल प्रथम आपले नाव परक्या लिपीत लिहावयास शिकते. वस्तुतः भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही एकच मांडणी १९९१ सालीच प्रमाण ठरली असून ती आज सर्वसाधारण संगणकांत उपलब्धही असते. ती शिकविण्यास पैसा लागत नाही. शिक्षकास ती आली पाहिजे, एवढेच.

आता आपल्या घरांविषयी. जुना संगणक धूळ झटकून शाळेस द्यावा, असे आमच्या काही वाचकभगिनी सुचवितात. भावना चांगली आहे. तथापि, जे आपल्या मुलास चालेनासे झाले ते दुसऱ्याच्या मुलास चालेल, हा हिशेब जुन्या लुगड्यांच्या बाबतीत ठीक. यंत्राच्या बाबतीत त्याने शाळेची अडगळ मात्र वाढते. त्याहून उपयोगी काम निराळे आहे. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे, आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचेच काम आहे. आपल्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंचे मूल अशा शाळेत असेल, तर समितीत बसण्याचा हक्क त्यांचा आहे, आपला नव्हे. त्यांस अर्ज लिहून हवा असल्यास तो लिहून द्यावा. त्यात किती यंत्रे चालू आहेत, प्रत्येक वर्गास आठवड्यातून किती तास मिळतात आणि दुरुस्तीची रक्कम कोणत्या खात्यातून येते, एवढेच विचारावे. उत्तर लेखी मागावे, आणि त्या सभेच्या दिवशी बाईंस कामावरून दोन तास लवकर सोडावे, पगार न कापता.