कठड्याचा कैवार

आमच्या नेरूळच्या सोसायटीत जगातल्या यच्चयावत दुःखांवर एकच औषध आहे : रेलिंग. पोरं गच्चीत पतंग उडवतात, रेलिंग लावा. आजोबा जिन्यात घसरले, रेलिंग लावा. त्यामुळे मी प्रथमच कलावंतीण दुर्ग चढून आलो हे कळताच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बसल्या जागी ठराव मांडला, "तिथं आधी रेलिंग लावायला पाहिजे!" काका पनवेलच्या पुढे गेले ते फक्त पुण्याला, तेही झोपून.

ह्या ठरावाला माझा सक्त विरोध आहे.

कलावंतीण म्हणजे प्रबळगडाला खेटून उभा असलेला सुमारे २,३०० फुटांचा सुळका. ठाकूरवाडीपासून माचीपर्यंत नुसती दमछाक, ती कुणाचीही होते. खरी गंमत शेवटी. कातळात खोदलेल्या गुडघाभर उंचीच्या पायऱ्या, एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला एकदम पनवेल तालुका! मी गेलो तेव्हा कठडा नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही साहेबापुढे वाकलो नसेन इतका मी त्या पायऱ्यांपुढे वाकलो. दोन्ही हात आपोआप पुढच्या पायरीला टेकतात. मोबाइल खिशात जातो. तोंड बंद होतं, हे आमच्या घरच्यांच्या मते सर्वांत मोठं आश्चर्य.

आता म्युनिकचा आमचा भाचा म्हणतो, "मामा, आमच्याकडे ह्याला व्हिया फेराटा असते." इटालियन भाषेत लोखंडी वाट. पहिल्या महायुद्धात डोलोमाइटच्या डोंगरांत इटालियन आणि ऑस्ट्रियन फौजांनी सैनिक वर चढवायला तारा नि शिड्या ठोकल्या, त्यांतल्या काही वाटांवर आता हौशी मंडळी चढतात. हे ऐकून काकांना स्फुरण चढलं. "बघा! युरोपातसुद्धा लोखंड लावतात!"

लावतात ना. पण ते टेकायला नव्हे, स्वतःला अडकवायला! कमरेच्या पट्ट्याला दोन दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला एक कॅराबिनर, आणि दोन्ही त्या पोलादी तारेत. तार जिथे खडकात ठोकलेली असते तिथे आधी एक काढून पलीकडे लावायचा, मगच दुसऱ्याला हात. दोन्ही एकदम सुटे कधीही नाहीत. वर एक शिवलेली पट्टी असते. माणूस पडला की तिची शिवण उसवत जाते आणि धक्का सोसते. तिकडे शिवण उसवते म्हणून जीव वाचतो. आमच्याकडे शिवण उसवली की अब्रू जाते.

आपलं लोखंडाशी नातं निराळं आहे. हार्बर लोकलच्या दारातला तो दांडा पाहा. त्याला एका हाताने लटकून वाशीची खाडी ओलांडताना माणूस दुसऱ्या हाताने मेसेज पाठवतो. लोखंड हाती लागलं की आपली भीती संपते, आणि भीतीबरोबर अक्कलही. कलावंतिणीला कठडा लावा, दुसऱ्या रविवारी त्यावर कुणीतरी फोटोसाठी बसलेलं असेल. शिवाय तो ठोकणार कुठे? पायरीच्या कडेला, म्हणजे आधीच अरुंद असलेली पायरी आणखी अरुंद. आणि चार पावसाळ्यांनंतर गंजलेला कठडा हातात आला, तर? नसलेल्या कठड्यावर निदान कुणी रेलत नाही.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांनी हजारो बायाबापड्यांना वर पोहोचवलं, हे मला मान्य आहे. शिडीवर चढतात, कठड्यावर रेलतात, फरक आहे. आपल्या जुन्या पाथरवटांना तो कळत होता. त्र्यंबकेश्वराकडच्या हरिहरच्या उभ्या जिन्यात त्यांनी पायऱ्यांवर बोटं रुतवायला खोबणी कोरल्या. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला, पण खोबणी अजून आहेत. त्यांना ना गंज, ना टेंडर.

कलावंतिणीवर मला भीती वाटली ती दरीची नाही, गर्दीची. चढणारे आणि उतरणारे एकाच पायरीवर समोरासमोर आलेले, आणि दरीकडे पाठ करून "स्माइल" म्हणणारा मध्ये! होळीला ह्याच सुळक्यावर माचीची मंडळी नाचतात. त्यांना घ्या ना कामाला. माचीवर माणसं मोजा, वरची उतरल्याशिवाय खालची सोडू नका, पावसात वाट बंद ठेवा, अवघड जागी दोर आणि तो धरायला माचीतलाच पोरगा, रोजच्या रोज मजुरी देऊन. रेलिंगचा खर्च काढून ठेवलाच असेल, तर पहिल्या महिन्याची मजुरी त्यातूनच निघेल.