माळ्यावरचे बूट

दिवाळीआधी माळा आवरताना जुन्या गोधडीत गुंडाळलेले माझे गिर्यारोहणाचे बूट खाली आले. भाची शेजारीच उभी होती. एक बूट उचलून म्हणाली, "आत्या, हे घालून तू डोंगर चढायचीस? हे तर डंबेल्स आहेत!"

खरं आहे. जोडी दोन किलोच्या वर भरते. जाड तपकिरी चामडं, घोटा झाकणारी उंची, नाडी अडकवायला धातूचे हुक आणि खाली खोल खाचांचा रबरी तळ. या तळाचीही गोष्ट आहे. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा इटालियन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्यांच्या पायातले बूट बर्फाळ हवेत पुरेसे नव्हते. त्यांचे मित्र विताले ब्रामानी यांनी मग खाचांचा रबरी तळ तयार केला. त्यांच्याच नावावरून तो 'विब्राम' झाला.

१९८४ च्या मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या, तेव्हा मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकत होते. त्या उत्तरकाशीजवळच्या, तिथल्याच नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकलेल्या. झालं! पुढच्या वर्षी मीही त्याच संस्थेचा अर्ज भरला. बाबांनी फीचे पैसे दिले. बुटांचं काय? कॉलेजातला एक सीनियर आपले वापरलेले परदेशी बूट तीनशे रुपयांना विकत होता. त्या महिन्यात आईची भिशी लागली होती आणि त्यातून मिक्सर घ्यायचा ठरला होता. आईनं पैसे माझ्या हातावर ठेवले आणि आणखी दीड वर्ष चटणी पाट्यावरच वाटली.

चामड्याचे बूट आज आणले आणि उद्या डोंगरावर नेले, असं चालत नसे. आधी पायाला सवय, मग बुटाला. दोन महिने रोज सकाळी कमाटीबागेत फेऱ्या आणि रविवारी पावागढ. लोक वळून बघायचे. पहिले तीन आठवडे टाचांना फोड आले. मग हळूहळू चामडं माझ्या पायाच्या आकारात बसलं आणि वजन जाणवेनासं झालं.

देहरादून एक्स्प्रेसनं निघाले. उत्तरकाशीला तेखलाच्या खडकांवर सराव झाला, मग भुक्की गावातून डोकरियानी बामक हिमनदीकडे चाल सुरू झाली. वाटेत दोन दिवस पाऊस लागला. सरांनी बजावलं होतं, ओले बूट आगीजवळ नेऊ नका. आत कागद कोंबा, कागद ओला झाला की बदला आणि वाऱ्यावर ठेवा. चामड्यात मुरलेलं तेल आणि ओलावा एकदम आटला, तर ते आक्रसतं, कडक होतं, तडकतं. मी ऐकलं होतं, पण सकाळी कोरडे बूट हवे होते. रात्री गुपचूप स्वयंपाकाच्या तंबूत चुलीशेजारी ठेवून आले.

सकाळी बूट लाकडासारखे झाले होते. उंची गाठायच्या दिवशी अर्ध्या वाटेत दोन्ही टाचा सोलून निघाल्या. मला खाली पाठवलं. बाकीच्या मुली वर गेल्या.

घरी आल्यावर आईला सांगितलं, "बूटच खराब निघाले."

आई त्या सीनियरवर भयंकर चिडली. दुसऱ्या दिवशी बूट पिशवीत घालून मांडवीजवळच्या मोच्याकडे निघाली, मागे मी. त्यानं बूट वाकवून पाहिला, पुढच्या भेगेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "बेन, बूट तो सारा छे. कोईए चूला पासे शेक्या छे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी पाट्यावर खोबरं वाटता वाटता म्हणाली, "वर पोचली नाहीस त्याचं काही नाही. बुटांवर कशाला ढकललंस?"

तिची माफी मागितली. मोच्यानं भेगेवर ठिगळ शिवलं. मी पंधरा दिवस रोज मेणाचं मलम चोळलं. चामडं पूर्वीइतकं मऊ झालं नाही, पण चालायला लागलं. तळ दोनदा बदलला आणि अकरा वर्षं त्याच बुटांनी साथ दिली. हरिश्चंद्रगड झाला, हिमालयातही दोनदा जाऊन आले.

तुमचे आताचे बूट हलके असतात, पाण्यालाही दाद देत नाहीत. मला हेवाच वाटतो. फक्त एक सांगते. त्यांच्या तळाच्या मधला फोमसारखा थर पॉलियुरेथेनचा असेल, तर हवेतल्या दमटपणानं काही वर्षांत आपोआप भुगा होतो, बूट खोक्यात नुसते पडून असले तरी. म्हणून ठेवणीतले बूट थेट ट्रेकला नेऊ नका, आधी चार दिवस घालून चाला.

भाची मे महिन्यात हर की दूनला जाणार आहे. सध्या रोज सकाळी नवे बूट घालून कमाटीबागेत फिरते. परवा लंगडतच घरी आली.

"आत्या, हे बूट चावतात गं."

मी म्हटलं, "आधी नाड्या कशा बांधतेस, ते दाखव."