शालेय मंत्रिमंडळात आपल्या मुलांकडे कोणते खाते?

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपल्या सर्वांच्या मोबाईलवर एकच छायाचित्र फिरते. साताऱ्याच्या शाळेचे रजिस्टर, १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आणि ७ नोव्हेंबर १९०० ही प्रवेशाची तारीख. राज्य शासनाने २०१७ मध्ये हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला, तेव्हापासून शाळांमध्ये भाषणे आणि निबंध स्पर्धा होतात. चांगलेच आहे. पण शाळेत प्रवेश मिळाल्यानंतर आत काय वाट्याला येते, याची चर्चा त्या दिवशीही होत नाही.

आम्ही मराठवाड्यातील एका तालुक्यात किशोरवयीन मुलामुलींसोबत काम करतो. गेल्या वर्षी तीन हायस्कूलमध्ये आमचे सतत जाणे होते. तिन्ही खासगी संस्थांची, अनुदानित. तिन्हींच्या व्हरांड्यात रंगवलेले फलक आहेत : विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, राष्ट्रीय हरित सेना, स्काउट-गाइड, तंबाखूमुक्त शाळा, सखी सावित्री समिती आणि सर्वांत वर शालेय मंत्रिमंडळ. मुख्यमंत्र्यापासून क्रीडामंत्र्यापर्यंत नावे खडूने लिहिलेली. आम्ही ती नावे वाचत गेलो आणि मग कोण कुठल्या वस्तीतले, हे मुलांनाच विचारले. तीनपैकी दोन शाळांत स्वच्छतामंत्री आपल्या किंवा मातंग वस्तीतला होता. मुख्यमंत्री एकाही शाळेत नव्हता.

तीन शाळांवरून सिद्धांत मांडू नये, हे समाजशास्त्र शिकताना आमच्याही कानीकपाळी ओरडून सांगितले गेले आहे. म्हणून आम्ही एवढेच म्हणतो की, आपापल्या गावच्या हायस्कूलचा फलक एकदा वाचून या.

आम्ही एका वर्गशिक्षकांना विचारले, ही निवड कशी होते? ते म्हणाले, “मुलंच नावं सुचवतात.” ते खोटे बोलत नव्हते. मुले नावे सुचवतातच. गावात ग्रामपंचायत जशी ठरते, तशीच सुचवतात. आणि ‘आमच्या मुलाला स्वच्छतामंत्रीच का?’ असे त्याच्या आईने विचारले, तर ‘स्वच्छता वाईट असते का?’ हे उत्तर तयार असते. स्वच्छता वाईट नाहीच. मग पाळी लावा. सरपंचांच्या मुलाकडेही ते खाते एक वर्ष येऊ द्या.

दुसरी गोष्ट हरित सेनेची. वृक्षारोपणाच्या फोटोत कुदळ हातात घेतलेली मुले एक, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच झाडांना बादलीने पाणी घालणारी मुले दुसरी. विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृती समजावून सांगणारा एक, आणि आदल्या संध्याकाळी बाकडी उचलणारे दुसरे. आपल्या मुलांना बोलायला कधीच मिळत नाही असे नाही. ६ डिसेंबरला मिळते, २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचायला मिळते. ‘बाबासाहेबांवर तू बोल’ हे ठरलेले. विज्ञान दिनाला २८ फेब्रुवारीला मात्र तोच मुलगा सतरंज्या अंथरतो. बाबासाहेबांवर बोलण्याचा अभिमान त्याला आहेच, पण सी. व्ही. रामन यांच्यावर त्याने का बोलू नये?

आता शाळांची बाजूही समजून घेतली पाहिजे. गणित-विज्ञानाला एकच शिक्षक, जागा रिक्त, त्यात निवडणुकीची कामे आणि दररोज कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर माहिती भरणे. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात उपक्रमांना गुण मिळू लागले आणि मंडळांची संख्या वाढली. योजना आली की मंडळ आले, मंडळ आले की फोटो आला. सखी सावित्री समितीचा शासन निर्णय मार्च २०२२ चा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडली, तेव्हा कुठे अनेक शाळांना तिची आठवण झाली. समग्र शिक्षामधून युवा आणि इको क्लबसाठी सरकारी माध्यमिक शाळेला वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. पण आपल्या ग्रामीण भागातली बहुतांश हायस्कुले संस्थाचालकांची. तिथे खर्च मुलांच्याच खिशातून. स्काउटचा गणवेश, शिबिराची वर्गणी, स्नेहसंमेलनातल्या नृत्यासाठी भाड्याचा ड्रेस. ज्याच्या घरी शंभर रुपये मागायची सोय नाही, तो ‘मला आवडत नाही’ असे सांगून बाजूला होतो. शिक्षक त्याची नोंद ‘रस नाही’ अशी करतात.

पैशाइतकाच आडवा येतो वेळ. मंडळांच्या बैठका, नाटकाच्या तालमी, कबड्डीचा सराव, हे सगळे शाळा सुटल्यावर. मुलींसाठी मानव विकासची निळी बस शाळा सुटली की निघते. ती चुकली तर पाच-सहा किलोमीटर पायी, तेही अंधारात. साहजिकच थांबतात त्या शाळेच्या गावात राहणाऱ्या मुली. आणि वर्षातले सगळे मोठे कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऊसतोडीच्या ऐन हंगामात. दिवाळीनंतर जी कुटुंबे कारखान्याच्या तळावर गेली, त्यांच्या मुलांनी स्नेहसंमेलन पाहिलेलेच नसते. हे वेळापत्रक कुणी मुद्दाम जातीसाठी केले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यातून गळणारी मुले कोणत्या वस्त्यांतली आहेत, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

एवढे काय मोठे त्यात, असे आपलेच काही कार्यकर्ते विचारतात. मुले दहावीला चांगले गुण मिळवोत, बाकीचे नाच-गाणे नंतर. पण खेळ, चित्रकला, लोककला यांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातात, हे आपल्या किती पालकांना माहीत आहे? आणि गुण बाजूला ठेवा. माईक हातात घेणे, सभेचे इतिवृत्त लिहिणे, वर्गणीचा हिशोब देणे, मतभेद झाला तर मत मोजणे, हे माणूस पंधराव्या वर्षी शिकला तर पुढे मुलाखतीत त्याचा घसा कोरडा पडत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. हे भांडवल काहींना घरातच मिळते. आपल्या मुलांना ते मिळण्याची जवळजवळ एकमेव जागा शाळा.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात गोंधळ उडाला, कारण फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे होते. डबे हलवले गेले, मगच ते फळ्यापर्यंत पोहोचले. पुढे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह तर काढलेच, शिवाय मुंबईत मोफत वाचनालय आणि महार हॉकी क्लब चालवला. विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही निघाले. पोटाला भाकरी नव्हती त्या काळात हॉकी आणि मासिक! त्यांना हे चैनीचे वाटले नव्हते.

आणि आपण काय करतो? जूनमध्ये वह्यावाटप, निकालानंतर गुणवंतांचा सत्कार, शाल आणि ट्रॉफी. विहारात रविवारी वर्ग भरतो, तिथेही मुले गाथा पाठ करतात आणि बोलतो आपणच. पालक-शिक्षक संघाच्या सभेला आपल्या वस्तीतून कोण जाते, तर कुणीच नाही. कामाचा दिवस बुडतो म्हणून आई-वडील जात नाहीत, हे समजू शकते. युवक मंडळातला एक जण त्यांच्यासोबत का जाऊ नये? आमच्या गटातल्या काहींचे मत होते की, आपल्या मुलांचे वेगळे मंडळ विहारातच काढावे. आम्हाला ते पटले नाही. विहारातले मंडळ हवेच, पण त्यामुळे शाळेचा फलक तसाच राहतो.

त्या तीनपैकी एका शाळेत थोडे वेगळे घडले. तिथल्या मराठीच्या मॅडमनी वाङ्मय मंडळाची बैठक शनिवारच्या शेवटच्या दोन तासांत घेतली, म्हणजे बस चुकायचा प्रश्न मिटला. पदे चिठ्ठ्या टाकून दिली, तीही तीन महिन्यांपुरती. यासाठी ना अनुदान लागले, ना परिपत्रक. भित्तिपत्रिकेची संपादक म्हणून चिठ्ठी निघाली ती नववीतल्या, आपल्या वस्तीतल्या मुलीची. पहिले दोन आठवडे तिने सुविचार आणि कविता लावल्या. तिसऱ्या आठवड्यात मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, यावर आठ ओळी लिहिल्या. मुख्याध्यापकांनी तो कागद काढायला लावला. आम्ही बोलायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, “बाहेरचे पाहुणे येतात, चांगलं दिसत नाही.” मॅडम आमच्यासमोर काही बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारी टाकीला जोडणी झाली.

आम्ही त्या मुलीला विचारले, आता पुढे काय लिहिणार? ती म्हणाली, “ताई, माझे तीन महिने संपले. आता हिशोबाची वही माझ्याकडे आहे.”