विहिरीचे अनुदान ही खैरात नव्हे!



एखाद्या बौद्ध शेतकऱ्यास सरकारी अनुदानातून विहीर मंजूर झाली की, "सरकार यांच्यावर खैरात उधळते," असे उद्गार गावच्या चावडीवर हमखास निघतात. बोलणारा बहुधा बागायतदार असतो. त्याहून खेदाची गोष्ट ही की, आपल्यातीलच काही माणसे ते ऐकून मान खाली घालतात, आणि काहीजण तर मंजुरीचा कागद हाती पडताच कुणा पुढाऱ्याच्या पाया पडावयास जातात. खैरात म्हणणाऱ्याचा उद्दामपणा आणि मान खाली घालणाऱ्याचा न्यूनगंड, या दोहोंचाही समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम खैरातीचा हिशेब करू. महाराष्ट्रातील धरणे व कालवे कोणाच्या पैशाने बांधले गेले? सर्व जनतेच्या करातून. त्यांचे पाणी कोठे गेले? ऊस हा राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी जेमतेम 4 टक्के जमिनीवर उभा असतो, पण सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे 70 टक्के पाणी तो एकटाच पितो, हे केंद्र सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच आपल्या अहवालात नमूद केलेले आहे. त्या पाण्यास कोणी खैरात म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग कोरडवाहू तुकड्यावरील एका विहिरीनेच सरकारी तिजोरी रिकामी होते काय?

पाण्याचा कायदाही पाहा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे आपल्या जमिनीखालचे पाणी आपल्याच हद्दीत उपसण्याचा हक्क जमीनमालकास आहे. म्हणजे ज्याची जमीन त्याचे पाणी. आणि ज्यास जमीनच मिळू दिली नाही, त्यास भूगर्भातील थेंबही नाही! रूढीने आमच्या बापजाद्यांस पाणवठ्यावरून हाकलले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून त्या रूढीस आव्हान दिले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही निकाल आमच्या बाजूने दिला. परंतु तो पिण्याच्या पाण्याचा लढा होता. शेताच्या पाण्याचा लढा अद्याप अपुरा आहे.

आमच्याकडे जी थोडीफार जमीन होती ती वतनाची. तिच्या मोबदल्यात साऱ्या गावाची आणि सरकारची राबणूक करावयाची, हा त्या वतनाचा अर्थ. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. शेवटी 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. आणि ज्यांना रक्कम भरता आली नाही वा कागद समजला नाही, त्यांच्या जमिनीवर दुसऱ्याचेच नांगर फिरले. उरल्या त्या जमिनींचे पिढीगणिक वाटे पडले.

आता सरकारची योजना पाहू. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांकरिता 2017 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना सुरू झाली. नवीन विहिरीस प्रथम अडीच लाख रुपये अनुदान होते. 2024 साली ही मर्यादा चार लाखांपर्यंत वाढविण्यात आली. जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंपसंच, वीजजोडणी, शेततळ्याचे अस्तरीकरण, ठिबक व तुषार सिंचन यांनाही साहाय्य आहे. योजना चांगली आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण तिच्या दाराशी उभी असलेली अट पाहा. नव्या विहिरीस किमान 0.40 हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर जमीन लागते. ज्यांच्यावर इतिहासाने सर्वाधिक अन्याय केला, त्यांचाच तुकडा सर्वांत लहान. आणि लहान तुकड्यास विहीर नाही! रोग्याची प्रकृती फार खालावली म्हणून त्यास दवाखान्याच्या दारातूनच परत पाठविण्यासारखा हा न्याय आहे.

मराठवाड्यातील एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले होते. तीन एकर वतनाची जमीन, सातबाऱ्यावर नाव मात्र मृत आजोबांचे. वारस अकरा. प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे अकरा गुंठे. अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, "ही वर्ग दोनची जमीन, येथे विहीर खोदता येत नाही." हे धादांत खोटे आहे. नव्या शर्तीचे बंधन जमीन विकण्यावर व हस्तांतरित करण्यावर आहे. शेतीच्या जमिनीत विहीर खोदून सुधारणा करण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 41 नेच धारकास दिला आहे. वारसाची वर्दी कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांत द्यावयाची असते. पण उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. त्या गृहस्थांस हे कोणी सांगितले नव्हते. तीन पिढ्या कर भरला, पण दप्तरी ते कोणीच नव्हते!

दुसरा दोष असा की, अनुदान काम झाल्यावर, मोजमाप करून टप्प्याटप्प्याने मिळते. ज्याच्या घरी रोकड आहे तो काम सुरू करू शकतो. ज्याच्या घरी नाही, तो सावकाराकडे जातो, अथवा ठेकेदाराच्या हाती सह्या देऊन मोकळा होतो. मग खड्डा शेतकऱ्याच्या रानात आणि पैसा भलत्याच्या खिशात! गरिबासाठी काढलेल्या योजनेत गरिबानेच आधी भांडवल घालावे, ही मागणी कोणत्या शहाण्याच्या डोक्यातून निघाली? पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वीच मिळाला पाहिजे.

तिसरी गोष्ट निधीची. 2025 साली सामाजिक न्याय खात्याचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळविल्याबद्दल खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्यासच जेथे आपला निधी राखता येत नाही, तेथे अकरा गुंठेवाल्याचा पाड काय? कर्नाटक व तत्कालीन आंध्र प्रदेश यांनी 2013 साली हा निधी राखण्यासाठी कायदे केले. आमच्या निधीलाही कायद्याचाच बांध हवा. मंत्र्याच्या मर्जीचा नको.

नवदीक्षित कुटुंबांना येथे एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. "बौद्ध झालात, आता सवलती गेल्या," अशी भीती गावोगाव घातली जाते. 1990 साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांना त्यात स्पष्टपणे समाविष्ट केले आहे. दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या जातीचा उल्लेख येतो, म्हणून काही स्वाभिमानी तरुण दाखलाच काढीत नाहीत. त्यांच्या भावनेचा आम्हांस आदर आहे. पण तो उल्लेख आपल्या धम्माशी प्रतारणा नव्हे. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे, आणि फिर्यादीने आपला पुरावा फाडून टाकावयाचा नसतो.

तेव्हा कामास लागा. वारसनोंदी करून घ्या आणि त्यांत मुलींची नावे वगळू नका. 1956 चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने मुलीस मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला आहे. अर्जाची पोच घ्या. नकार तोंडी ऐकू नका, लेखी मागा. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नका. वस्तीतील एका शिकलेल्या मुलाने वा मुलीने सर्वांचे सातबारे तपासण्याचे काम अंगावर घ्यावे. आणि सर्वांनी मिळून 0.40 हेक्टरची अट शिथिल करून भावाबहिणींना सामाईक विहीर द्यावी, अशी मागणी करावी.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्यात दाखविले आहे. शेताच्या पाण्याचा तंटा युद्धाने नव्हे, न्यायाने सुटावा, हा त्याचा आग्रह होता. आम्हीही युद्ध मागत नाही. पण न्याय मागताना हात जोडणार नाही. विहीर मिळाली तर आभाराचे हार घालू नका. पुढल्या वस्तीतल्या माणसाचा अर्ज लिहून द्या.

जय भीम!

— एक वकील