गुजर कोणते?

जुळे सोलापुरांत आमच्या वस्तींत एक ठरत आलेली सोयरीक नुकतीच मोडली. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. घरच्या शेतावर कर्जाचा बोजा नाहीं. पण मुलीकडील एका वडीलधाऱ्यानें विचारलें, "हे गुजर कोणते?" उत्तरानें त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि सुपारी फुटण्याआधींच बोलणें संपलें.

आम्हीं हाच प्रश्न आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपुढें ठेवितों. गुजर कोणते? काश्मिरांत गुरें राखणारे गुजर मुसलमान आहेत, राजस्थानांतील हिंदु आहेत. खानदेशांत शहादें भागांत गुजर तापीकांठीं शेती करितात. त्यांच्यांतही लेवा, रेवा, दोडे असे पोटभेद आहेत. आमच्या पेठेंत गुजर म्हणजे गुजरातेंतून आलेला व्यापारी. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत कुणब्यांनीं ज्यांचे कर्जरोखे ओढून काढले, त्या सावकारांतही गुजर होते. त्या दंग्यांनंतर १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जाचा जो कायदा झाला, तो लागू झालेल्या चार जिल्ह्यांत आपला सोलापूरही होता.

आणि खटाव तालुक्यांतील भोसऱ्याचे कुडतोजी गुजर, म्हणजेच सरसेनापति प्रतापराव, हेही गुजरच! २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीच्या खिंडींत सहा स्वारांनिशीं ते बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व कामास आले. पुढें त्यांची मुलगी जानकीबाई शिवछत्रपतींच्या घरांत राजाराममहाराजांची राणी झाली. छत्रपतींच्या देवघरांत जें नांव चाललें, तें आमच्या ओटीवर कां चालूं नये?

कोणी म्हणेल, ते गुजर निराळे, हे निराळे. कबूल! आमचेंही म्हणणें तेंच आहे. एकाच नांवाखालीं नांगर, तलवार आणि कर्जरोखा तिन्ही सांपडतात. मग नांवावरून माणसाची पारख ती कशी व्हावी? १९४९ च्या कायद्यानें जातिपोटजातींची आडकाठी विवाहास उरली नाहीं. आडकाठी उरली ती आमच्या ओटीवर.

बापांनो, अवश्य चौकशी करा. मुलगा दारू पितो काय, हुंडा मागतो काय, मुलीस पुढें शिकूं देईल काय, हें खोदून खोदून विचारा. कुळीची चौकशी करून मुलीच्या ताटांत भाकरी पडत नाहीं. आमच्या वस्तीच्या नांवांतच जुळें आहे. तेथें राहणाऱ्यांनीं तरी जुळत आलेलें मोडूं नये.