स्नॅपड्रॅगन ८ जेन १ की ८ प्लस जेन १? एका ‘प्लस’ने किती फरक पडतो?

२०२२ मध्ये ज्या फोनसाठी साठ-सत्तर हजार रुपये मोजावे लागत होते, ते आज रिफर्बिश्ड किंवा सेकंड हँड बाजारात नव्या मिड-रेंज फोनच्या किमतीत मिळतात, कधी कधी त्याहूनही स्वस्त. फ्लॅगशिपचा कॅमेरा, चांगला डिस्प्ले, वर ‘स्नॅपड्रॅगन ८’ नाव. डील मस्तच वाटते! पण मित्रांनो, पैसे देण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. त्या फोनमध्ये ८ जेन १ आहे की ८ प्लस जेन १? वाचताना हा फरक एका शब्दाचा वाटतो. पण गेम खेळताना किंवा भर उन्हात मॅप लावून गाडी चालवताना तो हाताला जाणवतो.

आधी कागदावरची तुलना

८ जेन १ ही चिप क्वालकॉमने २०२१ च्या शेवटी जाहीर केली. ८ प्लस जेन १ आली मे २०२२ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आतच. दोन्हींमध्ये आठ कोर आहेत आणि त्यांची रचनाही सारखीच आहे.

- मोठा कोर (कॉर्टेक्स-एक्स२, एक): ८ जेन १ मध्ये ३.० गिगाहर्ट्झ, प्लसमध्ये ३.२ गिगाहर्ट्झ
- मधले कोर (कॉर्टेक्स-ए७१०, तीन): २.५ आणि २.७५ गिगाहर्ट्झ
- छोटे कोर (कॉर्टेक्स-ए५१०, चार): १.८ आणि २.० गिगाहर्ट्झ
- ग्राफिक्स: दोन्हींत अॅड्रेनो ७३०, प्लसमध्ये स्पीड १० टक्के जास्त
- ५जी मोडेम: दोन्हींत एक्स६५
- प्रोसेस: दोन्ही ४ नॅनोमीटर

एवढं वाचून कुणीही म्हणेल, ‘जेमतेम १० टक्क्यांचा फरक, स्वस्त मिळेल तो घेऊन टाकू.’ पण स्पेसिफिकेशनच्या यादीत सहसा एक ओळ नसतेच. चिप कुणी बनवली?

डिझाइन एकाचं, कारखाना दुसऱ्याचा

क्वालकॉम चिप डिझाइन करते. ती प्रत्यक्ष बनवण्याचा कारखाना, म्हणजे फाउंड्री, दुसऱ्या कंपनीची असते. ८ जेन १ बनली दक्षिण कोरियाच्या सॅमसंगकडे आणि ८ प्लस जेन १ बनली तैवानच्या टीएसएमसीकडे. दोघांच्याही प्रोसेसच्या नावात ‘४ नॅनोमीटर’ आहे. पण आजच्या काळात हा आकडा चिपमधल्या कुठल्याही भागाचं खरं माप सांगत नाही. प्रत्येक फाउंड्री आपल्या प्रोसेसला आपल्या हिशोबाने नाव देते. त्यामुळे एकाचं ४ आणि दुसऱ्याचं ४ सारखंच असेल असं धरून चालू नका.

खरा फरक आहे तो विजेच्या वापरात. तोच स्पीड गाठायला एखाद्या चिपला जास्त व्होल्टेज लागत असेल, तर वीज नुसती तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के वाढलं तर त्याच स्पीडला वीज साधारण २१ टक्के जास्त लागते. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. लॅपटॉपसारखा पंखा बहुतेक फोनमध्ये नसतो. मग फोन स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

क्वालकॉमने प्लस चिप आणताना स्वतःच सांगितलं होतं, की सीपीयू आणि जीपीयू ३० टक्क्यांपर्यंत कमी वीज घेतील आणि पूर्ण चिपचा वापर साधारण १५ टक्के घटेल. हा कंपनीचा दावा आहे, म्हणून थोडा हात राखूनच घ्या. पण कंपनी पुढे कशी वागली ते बघा. त्यानंतरच्या ८ जेन २, ८ जेन ३ आणि ८ एलिट या तिन्ही फ्लॅगशिप चिप टीएसएमसीकडेच बनल्या.

बेंचमार्कचा आकडा कुठे फसवतो?

बेंचमार्क एकदा चालवला की कळतो तो थंड फोनचा सर्वात जास्त स्पीड. तुम्ही मात्र गेम अर्धा-पाऊण तास खेळता. पहिल्या पाच मिनिटांचा फ्रेम रेट विसाव्या मिनिटाला टिकतो का, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मार्च २०२२ मध्ये हा मुद्दा जगभर गाजला. सॅमसंगच्या फोनमधली ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’ गेम आणि इतर अॅपचा स्पीड कमी करते, पण बेंचमार्क अॅपचा करत नाही, असं समोर आलं. त्यावर गीकबेंचने गॅलक्सी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या एस मालिकेतले फोन आपल्या यादीतून काढून टाकले. पुढे सॅमसंगने अपडेट देऊन ही मर्यादा बंद करण्याचा पर्याय वापरकर्त्यांना दिला. भारतात विकल्या गेलेल्या एस२२ मध्ये ८ जेन १ च होती.

कुठल्या फोनमध्ये कुठली चिप?

वनप्लस १० प्रो, आयक्यू ९ प्रो, मोटोरोला एज ३० प्रो आणि गॅलक्सी एस२२ मध्ये ८ जेन १ आहे. वनप्लस १०टी, वनप्लस ११आर, आयक्यू ९टी, मोटोरोला एज ३० अल्ट्रा, गॅलक्सी झेड फोल्ड ४ आणि नथिंग फोन (२) मध्ये ८ प्लस जेन १ आहे.

गंमत बघा, वनप्लस १० प्रो भारतात ६६,९९९ रुपयांपासून आला आणि १०टी त्याच वर्षी ४९,९९९ पासून. म्हणजे चांगली चिप स्वस्त फोनमध्ये होती! अर्थात कॅमेरा आणि डिस्प्लेमध्ये प्रो पुढे होता.

मग घ्यायचं काय?

व्हॉट्सअॅप, रील्स, यूपीआय आणि अधूनमधून फोटो एवढाच वापर असेल, तर ८ जेन १ आजही पुरेशी आहे. तिला सरसकट वाईट म्हणणं चुकीचं ठरेल. फोनची कूलिंग चांगली असेल तर त्रास आणखी कमी होतो.

पण रोज तासभर बीजीएमआय खेळत असाल, किंवा डिलिव्हरीचं काम करताना फोन दिवसभर हँडलला लावून मॅप, डेटा आणि चार्जिंग एकदम चालू ठेवत असाल, तर प्लसच शोधा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बाहेरची हवाच एवढी तापलेली असेल तर फोनने आपली उष्णता टाकायची कुठे? अशा वेळी कमी वीज खाणारी चिप थेट कामाला येते. दोन हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

सेकंड हँड फोन घेताना विक्रेत्याकडे २० मिनिटं मागा आणि थ्रीडीमार्क अॅपमधली ‘वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट’ चालवा. ती एक-एक मिनिटाच्या २० फेऱ्या घेते आणि सर्वात चांगला स्कोअर, सर्वात कमी स्कोअर आणि स्थिरतेची टक्केवारी दाखवते. पहिल्या स्कोअरवर खूश होऊ नका, सर्वात कमी स्कोअर बघा. गेम लांबला की साधारण तोच स्पीड तुमच्या वाट्याला येणार आहे.

शेवटचं, अपडेट. सॅमसंगने एस२२ ला पाच वर्षांपर्यंत सिक्युरिटी अपडेट देण्याचं सांगितलं होतं, तर वनप्लस १० प्रो, १०टी आणि नथिंग फोन (२) साठी चार वर्षं. ही वर्षं मोजायची ती फोन बाजारात आला त्या दिवसापासून, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. यूपीआय आणि बँकेचं अॅप याच फोनवर चालवणार असाल, तर सेटिंग्जमध्ये शेवटच्या सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. ती बरीच जुनी असेल, तर प्लस चिप असूनही तो फोन सोडून द्या.